एकशे तीस आणि दीड हजार

त्या राज्यात धान्य एका टोकाला होतं आणि भूक दुसऱ्या टोकाला. कोठार टेकडीच्या पोटात होतं, कारण तिथं ओल नव्हती. पाळणाघर चिंचेच्या मुळांत, उन्हाच्या अंगाला होतं, कारण पिल्लांना ऊब लागते. दोन्ही जागा पूर्वजांनी विचार करूनच निवडल्या होत्या, त्यामुळे मधलं अंतर ही कोणाचीच चूक नव्हती. पण मुंग्यांच्या त्या राज्याचं सारं जगणं त्या अंतरावर टांगलेलं होतं. कोठारात किती आहे, हे कोणी विचारत नसे. एका घटकेत पाळणाघरापर्यंत किती पोचतं, एवढंच विचारलं जाई.

पोचवायला एक रस्ता होता. रुंद, तुडवून तुडवून गुळगुळीत झालेला, आठजणी खांद्याला खांदा लावून चालतील एवढा. आठजणींची एक ओळ, प्रत्येकीच्या जबड्यात एक दाणा. ओळ निघायची तीही एकदम आणि पोचायची तीही एकदम. पाळणाघरातही एका पाळण्यात आठच पिल्लं ठेवत. ओळ येऊन एका पाळण्यापुढं थांबली की आठ दाणे आठ तोंडांत जात आणि ओळ माघारी वळे. ओळीमागे पाळणा, पाळण्यामागे ओळ. हे इतक्या पिढ्या चाललं होतं, की दाणे सुटे मोजायची किंवा तोंडं सुटी मोजायची वेळ कोणावर आली नव्हती. घटकेला एकशे तीस ओळी येत आणि एकशे तीस पाळणे गप्प होत.

ही मोजणी कुसळी करी. ती राज्याची मापाडीण. रस्त्याच्या कडेला एका उंचवट्यावर बसून ती ओळी मोजायची, आणि चिंचेच्या बुंध्याशी ठेवलेल्या सालीच्या फलकावर आकडा लिहून त्याखाली जबड्याचा ठसा उमटवायची. तिचा डावा दात टवका उडालेला होता, त्यामुळे तो ठसा आणखी कोणाला करता येत नसे. कुसळीच्या ठशाशिवाय त्या राज्यात कुठलाही आकडा खरा धरत नसत. तिनं आयुष्यात एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता.

मग ओढ्यापलीकडून लव्हाळी नावाची मुंगी आली.

लव्हाळी कारागीर होती, कामाची होती, आणि बोलायला गोड होती. तिनं कोठारापासून पाळणाघरापर्यंत दगडात एक खाच कोरली. एका मुंगीपुरती. दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती, म्हणून आत वारा नाही, धूळ नाही.

"आठजणींना एकमेकींसाठी थांबावं लागतं, म्हणून तुमचा पाय उचलत नाही," ती म्हणाली. "एकटीला कोणासाठी थांबायचं नसतं. ती धावू शकते."

ते खरंच होतं. जुन्या रस्त्याची मुकादम वरई हिनं सगळं आयुष्य ओळी सरळ ठेवण्यात घालवलं होतं. एक ठेचकाळली की सातजणी खोळंबत, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ओळींना घाई केली की आठवी मागच्या ओळीत मिसळे आणि सगळाच गोंधळ होई. त्यामुळे एकशे तीसच्या पुढं वरईला कधी जाता आलं नव्हतं.

नवी खाच सुरू झाली त्या सकाळी लव्हाळीनं मोजणी करून घेतली आणि फलकावर लिहिलं: नवा रस्ता, घटकेला दीड हजार. राणीसाहेबांचा हुकूम झाला, की शेजारी जुन्या रस्त्याचा आकडाही मांडावा, म्हणजे प्रजेला फरक कळेल. ते काम अर्थातच कुसळीचं.

कुसळी फलकापुढं उभी राहिली. भोवती पंधरावीस कारभारणी होत्या.

"दीड हजार काय?" तिनं विचारलं.

"घटकेला दीड हजार."

"हो गं, पण दीड हजार काय?"

लव्हाळी हसली. उद्धटपणानं नाही, वाट चुकलेल्या म्हातारीकडं बघून हसावं तशी. "ताई, खाचेतून आणखी काय जाणार? आम्हीच जाणार की! तुमच्या एकशे तीसला कोणी 'एकशे तीस काय' असं विचारतं का?"

नव्हतं विचारत कोणी. मागं कोणीतरी खुसखुसलं. कुसळीच्या मनात मोहरीएवढी शंका आली होती. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणतील, म्हातारीला आता आकडे झेपत नाहीत. तिनं शंका गिळली. दीड हजाराच्या शेजारी एकशे तीस लिहिलं आणि खाली ठसा उमटवला.

नाकतोडा राज्याचा दवंडीवाला. त्यानं बुंध्यावर चढून दोन्ही आकडे खणखणीत वाचले. मग असा जल्लोष झाला की चिंचेची पानं गळली.

राणीसाहेब मात्र हसल्या नाहीत. त्यांना धक्का बसला होता. "इतकी वर्षं," त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं माझ्या लेकरांना आपण एवढ्याशावर ठेवलं?"

कारभारणी म्हणाल्या, आता दीड हजार पाळणे भरायला हरकत नाही. राणीसाहेबांनी सावधपणा केला. म्हणाल्या, सहाशेच करा. अंगावर येईल एवढं घेऊ नये.

सहाशे पाळणे करायला चिकट, घट्ट माती हवी होती. तशी माती एकाच ठिकाणी होती, जुन्या रस्त्यात. चार दिवसांत तो रस्ता खणून काढला. हमालणींची ओळ मोडली, कोणाला माती वाहायला लावलं, कोणाला कचरा काढायला, आणि ज्यांचे पाय अजून चपळ होते त्यांना खाचेत धावायला घेतलं. वरई खड्ड्याच्या कडेला उभी राहून हे बघत होती. कुसळी तिच्याजवळ गेली.

"कुसळे," वरई म्हणाली, "आम्ही खरंच इतक्या थोड्या होतो का गं?"

"आकडा आहे, मावशी. मी केलेला नाही."

वरईनं मान हलवली. एवढंच.

पिल्लं बाहेर आली. पहिले दोन दिवस पाळणाघरात सगळे आनंदात होते. तिसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर थोरली दाई सावी मापाडीणीच्या उंचवट्याशी आली. धावत आली होती, तिला धाप लागली होती.

"कुसळी, धान्य वाटेत कुठं मुरतंय गं? चार पाळण्यांतला एक गप्प होतो. बाकीचे तीन नुसते तोंड वासून असतात. दीड हजार येतंय म्हणता, मग जातंय कुठं?"

"सांडत असेल."

"सांडत नाही. चोरी होतेय. माझ्या डोळ्यांनी पाहिलं, खाचेतून काहीजणी रिकाम्या तोंडानं बाहेर पडतात. दाणा वाटेतच गिळतात मेल्या! शिपायांनी दोघींना धरूनही ठेवलंय."

कुसळी उठली. चोर पकडायचा तर आधी मोजायला हवं, आणि मोजणं तर तिचंच. खाच सुरू झाल्यापासून तिच्या तोंडाशी ती प्रथमच बसली. सवयीप्रमाणे ओळ यायची वाट बघू लागली. एक मुंगी सुर्रकन बाहेर आली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. कुसळी थांबूनच राहिली. ओळ पुरी झाल्याशिवाय खूण करायची तिच्या पायाला सवय नव्हती. आठवी गेली तेव्हा तिनं पहिली खूण केली.

आणि तिचा पाय तसाच हवेत राहिला.

शेजारी लव्हाळीची मोजणारी बसली होती. तिनं तेवढ्यात आठ खुणा केल्या होत्या.

कुसळीनं एकदा तिच्या खुणांकडं पाहिलं, एकदा आपल्या एका खुणेकडं पाहिलं. दीड हजार म्हणजे दीड हजार ओळी नव्हेत. दीड हजार मुंग्या. सुट्या. एकेक.

तेवढ्यात एकजण रिकाम्या तोंडानं बाहेर पडली. कुसळी तिच्या आडवी गेली.

"तुझा दाणा कुठं आहे?"

"मी दाणा नेत नाही, ताई."

"मग काय नेतेस?"

"ताल नेते." ती बिचारी घाबरली होती. "आम्ही दहांत दोघी. खाचेत अंधार, पुढचीचं टोक कुठं संपतं आणि मागचीचं कुठं लागतं ते कळत नाही. आम्ही मध्ये मध्ये ठराविक पावलं टाकत जातो, म्हणून बाकीच्या एकमेकींवर आदळत नाहीत. आम्ही नसलो तर एकही दाणा पोचायचा नाही. त्या दोघींना कशाला धरलंय हो? त्यांनी काही चोरलं नाही."

"तुम्हीही दीड हजारात धरलेल्या?"

"आम्हीही धावतोच की."

कुसळी खाली बसली. घटकाभर तिनं एकेक मुंगी मोजली, दीड हजारच भरल्या, आणि मग मातीत हिशेब मांडला. दीड हजारांतून दहामागे दोघी वजा केल्या, उरल्या बाराशे. बाराशे दाण्यांच्या आठ-आठच्या ओळी केल्या.

दीडशे.

तिनं पुसलं आणि पुन्हा मांडलं. दीडशे. तिसऱ्यांदा तिनं मांडलं नाही. नवा रस्ता दीडशे ओळींचा. जुना रस्ता एकशे तीस. फरक वीस ओळींचा. वीस ओळींसाठी जल्लोष झाला, वीस ओळींसाठी रस्ता खणला, आणि वीस ओळींच्या भरवशावर राणीसाहेबांनी एकशे तीसचे सहाशे पाळणे केले. आणि त्याखाली टवका उडालेल्या दाताचा ठसा होता.

ती दरबारात कशी पोचली ते तिला नंतर आठवलं नाही. तिनं सगळं सांगितलं, शिपायांनी धरलेल्या दोघी निरपराध आहेत, त्यांना आधी सोडा म्हणाली, मग हिशेब सांगितला.

लव्हाळी पुढं आली. तीही पांढरीफटक पडली होती, कारण जुना आकडा ओळींचा होता हे तिलाही त्याच क्षणी कळत होतं. "ताई, मी एक तरी आकडा खोटा सांगितला का?"

"नाही," कुसळी म्हणाली. "मी मोजलं. दीड हजारच आहेत."

"मग?"

"मग काही नाही. दोन आकडे शेजारी शेजारी मी लिहिले. ठसा माझा आहे."

"पुढच्या साली याच खाचेतून तीन हजार धावतील," लव्हाळी घाईघाईनं म्हणाली. "एकटीच्या वेगाला वरची मर्यादा नाही. तुमच्या आठजणींना कधी जमलं नसतं ते!"

"पिल्लं पुढच्या सालापर्यंत तोंड मिटून थांबतील?" सावीनं मागून विचारलं.

राणीसाहेबांनी त्या दिवशी अंडं घालणं थांबवलं. आजवर असं कधी झालं नव्हतं. "सहाशे पाळणे," त्या म्हणाल्या. "आता ती लेकरं परत पोटात घालू का मी?"

शेवटी थोरली कारभारीण राळी उठली. राळीनं चार राण्यांचा कारभार पाहिला होता आणि एकदाही आवाज चढवला नव्हता.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "ओळ म्हणजे आठ, हे कुठं लिहिलं होतं?"

"कुठंच नाही."

"मग दाणा म्हणजे केवढा, हे तरी कुठं लिहिलंय?"

तेही कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी लिहिलं नव्हतं. राळीनं ते तिथल्या तिथं लिहून काढलं. इथून पुढं कोठारातून येणारा प्रत्येक दाणा पाळणाघराच्या दाराशी आठ जागी फोडायचा, आणि त्या प्रत्येक तुकड्याला दाणा म्हणायचं. बाराशेच्या आठपट म्हणजे नऊ हजार सहाशे दाणे. सहाशे पाळण्यांत अठ्ठेचाळीसशे तोंडं. तोंडामागे दोन दाणे.

"पूर्वी एकेक मिळत होता," राळी म्हणाली. "आता दोन मिळतील."

कुसळीला वाटलं, आता कोणीतरी ओरडेल. ती सावीकडं बघत राहिली, राणीसाहेबांकडं बघत राहिली. राणीसाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत आलेली गोष्ट तिनं ओळखली, आणि हिशेब कळला तेव्हापेक्षाही तिला त्याचा जास्त धक्का बसला. ती सुटका होती. राणीसाहेबांना सुटल्यासारखं वाटत होतं.

ओरडली फक्त सावी. तिला त्याच दिवशी पाळणाघरातून काढून कचऱ्याच्या कामावर पाठवलं.

नऊ हजार सहाशे लिहिलेला फलक कुसळीपुढं आणला. तिनं जबडा उघडलाच नाही. थोडा वेळ सगळ्या थांबल्या आणि मग फलक तसाच बुंध्याशी नेऊन ठेवला. ठशाची जागा मोकळी होती. नाकतोड्यानं आकडा वाचला, जल्लोष झाला, ठसा कुठं आहे असं एकीनंही विचारलं नाही. आयुष्यभर आपल्या ठशावाचून राज्याचं अडतं असं कुसळी धरून चालली होती.

त्यानंतरच्या दिवसांत पाळणाघर शांत होत गेलं. जुन्या काळापासून रीत होती की गप्प पाळणा म्हणजे पोट भरलेला पाळणा. ती रीत तेवढी कोणी बदलली नव्हती. दर दिवशी गप्प पाळण्यांचा आकडा वाढत होता आणि दर दिवशी नाकतोडा तो आनंदानं सांगत होता.

कुसळी वरईला शोधत गेली. वरई ओढ्याकाठी माती वाहत होती.

"मावशी," कुसळी म्हणाली, "तुम्ही एकशे तीस नव्हता. एक हजार चाळीस होता."

वरईनं तोंडातली माती खाली ठेवली. मग म्हणाली, "हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मला लाज वाटली."

"कशाची?"

"तिसऱ्यांदा विचारायची."

वरईला तिला मारावंसं वाटलं असेल, पण तिनं मारलं नाही. "रस्ता आहे का काही शिल्लक?" तिनं विचारलं. नव्हता, नुसते खड्डे होते. जुन्या हमालणी कुठं कुठं पांगल्या होत्या. दुपारपर्यंत हिंडून त्यांना सहाजणी सापडल्या, त्यात कचऱ्यावरची सावी एक. वरई सातवी.

"एक कमी पडते," वरई म्हणाली. "सातांची ओळ होत नाही."

"मी येते."

"तू कधी दाणा उचललायस?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आठजणी कोठारातून निघाल्या. दाणा एवढा जड असतो हे कुसळीला तोवर माहीत नव्हतं. तिनं लाखो दाणे मोजले होते आणि एकाचंही वजन तिला ठाऊक नव्हतं. खड्ड्यात उतरायचं, पलीकडची कड चढायची, वर आल्यावर बाकीच्या सातजणींची वाट बघायची, आठही आल्या की पुढं निघायचं. कुसळी तीनदा पडली. तिन्ही वेळा ओळ थांबली. डाव्या दाताची कळ मस्तकात जात होती, पण तिनं दाणा सोडला नाही. शेजारच्या खाचेतून सुर्रसुर्र आवाज येत होता. शेकडोजणी पुढं निघून गेल्या.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्या पाळणाघराच्या दाराशी पोचल्या. दारात भादली नावाची नवी दाई होती. ती याच हंगामात कामाला लागलेली, हसतमुख आणि कामसू. तिच्या मागं कडेच्या पाळण्यात आठ पिल्लं होती. दोन गप्प होती. सहा अजून तोंड वासून होती. आठही जणींनी तो पाळणा पाहिला आणि त्याच्याकडंच वळल्या.

भादली आडवी आली. कुसळीच्या जबड्यातल्या वस्तूकडं तिनं वाकून, मिशा लावून पाहिलं.

"हे काय आणलंय, ताई?"

कुसळीनं तो खाली ठेवला. "दाणा."

"दाणा?" भादलीला हसू आलं. "दाणा कधी एवढा असतो का?" तिनं शेजारच्या ढिगातून एक कण पायावर घेऊन दाखवला. "दाणा हा असा असतो."

कुसळीनं वरईकडं पाहिलं. वरईच्या तोंडात तिचा दाणा होता, तिला बोलता येत नव्हतं. सावीचे डोळे विस्फारले होते. भादली खोटं बोलत नव्हती, थट्टाही करत नव्हती. तिनं दुसरा दाणा कधी पाहिलाच नव्हता.

"थांबा, हे असं तोंडात जायचं नाही त्यांच्या," भादली म्हणाली. तिनं दोघींना हाक मारली आणि तिघींनी मिळून तो फोडला. मग ती एकेक तुकडा बाजूला ठेवत मोजू लागली. आठवा ठेवला आणि तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक होतं.

"अगं बाई! एकटीनं आठ दाणे आणलेत तुम्ही? आणि अशा आठजणी?"

ती दारातून बाहेर धावत गेली. तिचा आनंदी आवाज आतपर्यंत ऐकू आला, मग गर्दीचा गलका झाला. नाकतोडा सालीच्या फलकावर चढला, नऊ हजार सहाशेची शेवटची दोन शून्यं त्यानं खरवडून काढली आणि तिथं चौसष्ट लिहिलं.